द्वारा ५६ ए.पी.ओ.

इंदूरच्या मराठी घरांत जुन्या सिनेमांचा आणि गाण्यांचा विषय निघाला की त्यात फौज आल्याशिवाय राहत नाही, आणि याचे कारण आमच्या गावाच्या ठिकाणातच आहे. महूची छावणी येथून तासाभराच्या आत गाठता येते. मंदसौरच्या तहानंतर १८१८ साली जॉन माल्कमने ती वसवली आणि होळकरांच्या दाराशी इंग्रजांची पलटण कायमची येऊन बसली. आज तिथे पायदळाचे इन्फन्ट्री स्कूल आहे, आर्मी वॉर कॉलेज आहे, सिग्नल्सवाल्यांचे दूरसंचार महाविद्यालय आहे. त्यामुळे रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर यांपैकी कोणत्याही वस्तीत गेलात, तरी एखादे घर असे सापडतेच, की ज्याच्या दिवाणखान्यात पलटणीचे मानचिन्ह टांगलेले असते आणि ज्याच्या मालकाने नोकरीची शेवटची वर्षे महूला काढून, साताऱ्याकडे किंवा कोल्हापूरकडे परत न जाता, इथेच बस्तान बसवलेले असते. दुसऱ्या बाजूने पाहावे, तर लता मंगेशकर यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी याच शहरातल्या शीख मोहल्ल्यात झाला. कवी प्रदीप हे उज्जैन जिल्ह्यातल्या बडनगरचे, आणि त्यांचे सुरुवातीचे शिक्षण इंदूरच्या शिवाजीराव हायस्कूलमध्ये झाले. ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची गायिका आणि कवी असे दोघेही आमच्या माळव्यातले, ही गोष्ट इंदूरकर माणूस पाहुण्याला पहिल्या चहाबरोबरच सांगून टाकतो.

लोकमान्यनगरातल्या एका घरी आम्ही काही माणसे अधूनमधून जमतो आणि जुने सिनेमे व जुनी गाणी यांच्या आठवणी एकमेकांना सांगतो. संस्था नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. पाळायची पद्धत एकच: गाणे कोणत्या रागात आहे किंवा ते कोणत्या वर्षी गाजले, एवढे सांगून थांबायचे नाही, तर ते आपण कुठे ऐकले, कुणाबरोबर ऐकले आणि त्या वेळी घरात काय चालले होते, तेही सांगायचे. गेल्या काही बैठका आम्ही सैनिकांच्या सिनेमांना आणि सैनिकी गाण्यांना दिल्या. त्या बैठकांतून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे आणि तीच इथे लिहायची आहे. आपण नागरिक ज्यांना सैनिकी गाणी म्हणतो ती बहुधा लढाईची असतात. ज्यांनी गणवेशात आयुष्य काढले त्यांच्या मनात राहिलेली गाणी घराची आहेत. जुन्या काळचे आपले जे मोठे संगीतकार आणि दिग्दर्शक होते त्यांना हे नेमके कळले होते, आणि म्हणूनच त्यांचे काम अजून टिकून आहे.

आमच्यात एक निवृत्त सुभेदारसाहेब आहेत. मूळचे सातारा जिल्ह्यातले, अपशिंगे मिलिटरी या गावाच्या पंचक्रोशीतले, जिथे घरटी माणूस फौजेत पाठवायची रीत आहे. सगळी नोकरी पायदळात झाली, शेवटी महूला आले आणि इथलेच होऊन गेले. युद्धावरचा त्यांचा आवडता सिनेमा कोणता, असे मी त्यांना पहिल्याच बैठकीत विचारले, तेव्हा ते थोडे अवघडले आणि म्हणाले, “ताई, लढाईचा पिक्चर आम्ही कशाला बघायचा? ती तर आमची ड्यूटी. आम्हाला घरातला पिक्चर लागायचा.” मग त्यांनी पलटणीतल्या सिनेमाचे वर्णन केले. मैदानात दोन बांबूंना पांढरा पडदा ताणलेला, मधोमध प्रोजेक्टर, पुढे साहेब लोकांच्या खुर्च्या, मागे सतरंज्यांवर जवान. उशिरा ड्यूटी सुटलेले जवान पडद्याच्या मागच्या बाजूला जाऊन बसायचे, आणि तिकडून सगळा सिनेमा उलटा दिसायचा, नायक डावखुरा व्हायचा, पाट्यांवरची अक्षरे उलटी दिसायची, पण गाणी दोन्ही बाजूंना सारखीच ऐकू यायची. कौटुंबिक सिनेमा असेल तर सगळे गप्प बसून पाहायचे. युद्धाचा सिनेमा असेल तर मात्र मागच्या सतरंजीवर चुका काढण्याचे काम सुरू व्हायचे. कुणाचे केस कॉलरवर आलेले, कुणाच्या खांद्यावरचे फीत-तारे हुद्द्याशी न जुळणारे, कुणी रायफल लाठीसारखी धरलेली. सगळ्यात जास्त ओरडा व्हायचा तो उघड्या डोक्याने ठोकलेल्या सॅल्यूटला, कारण आपल्या सैन्यात डोक्यावर टोपी किंवा पगडी नसेल तर हाताने सॅल्यूट करायचा नसतो, नुसते सावधान व्हायचे असते. हे मला माहीत नव्हते. तेव्हापासून कोणताही जुना सिनेमा पाहताना माझे लक्ष आधी नटाच्या डोक्याकडे जाते.

त्याच बैठकीत रामबागेतल्या मावशींनी त्यांच्या भावाची हकिकत सांगितली. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली आणि तिच्यावरचा ‘जयमाला’ हा फौजी भावांच्या फर्माईशींचा कार्यक्रम घराघरांत पोहोचला, हे आमच्या पिढीला सांगायला नको. गाण्याआधी निवेदक ज्यांनी ते मागितले त्या जवानांची नावे वाचत, आणि ज्या घरातला मुलगा फौजेत आहे ते घर गाण्यापेक्षा नावांकडे कान लावून बसे. मावशींचा भाऊ सिग्नल्समध्ये होता, पूर्वेकडच्या सरहद्दीवर. त्याने पत्रातून कळवले की मी फर्माईश पाठवली आहे, ऐकत राहा. मग संध्याकाळ झाली की वाड्यातल्या एकुलत्या एका रेडिओसमोर सगळी बिऱ्हाडे गोळा होऊ लागली. वडील कडक स्वभावाचे, सराफ्यातल्या पेढीवर हिशेब लिहिणारे. त्यांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवले होते की आमचा मुलगा देशभक्तीचेच गाणे मागणार. बऱ्याच दिवसांनी एकदाचे नाव आले, वाड्याने टाळ्या वाजवल्या, आणि गाणे लागले ते ‘मेरे पिया गए रंगून’. वडील काही न बोलता उठले आणि घड्याळाला किल्ली देऊ लागले. आजीने मात्र सगळे गाणे नीट ऐकून घेतले आणि सुनेला विचारले, “अगं, हा रंगूनहून फोन करतोय तो कुणाला?” त्या उन्हाळ्यात मुली पाहायला सुरुवात झाली.

हे ऐकून आम्ही पुष्कळ हसलो, पण सुभेदारसाहेब म्हणाले की यात नवल काहीच नाही, त्यांच्या पलटणीतून जाणाऱ्या फर्माईशींमध्ये बहुतेक गाणी अशीच असत. पावसाची, रुसव्याची, बांगड्यांची, झोक्याची. घरापासून हजार मैलांवर बंकरमध्ये बसलेल्या माणसाला बिगूल रोजच ऐकू येतो. तो रेडिओला मागेल ते बिगुलाच्या पलीकडचे काहीतरी मागेल, हे उघड आहे.

मला स्वतःला या हकिकतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटली. ‘मेरे पिया गए रंगून’ हे १९४९ च्या ‘पतंगा’मधले गाणे. चाल सी. रामचंद्र यांची, आणि शमशाद बेगम यांच्याबरोबर त्यांनीच ते गायलेही आहे. नवरा ब्रह्मदेशात, बायको डेहराडूनला, आणि मध्ये टेलिफोनची तार. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याला जन्मलेल्या या आपल्या माणसाने, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर यांनी, दूर गेलेल्या नवऱ्याचा विरह त्या वेळी हसतखेळत बांधला. पुढे १९६२ चे चीनशी युद्ध झाले आणि जानेवारी १९६३ मध्ये दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर, पंडित नेहरूंच्या समोर, लताबाईंनी जे ‘ऐ मेरे वतन के लोगो’ गायले त्याची चालही त्यांचीच. एकच माणूस, दूर गेलेल्यांची दोन गाणी. एकात पलीकडून आवाज येतो, दुसऱ्यात येत नाही. या दोन गाण्यांच्या मध्ये सी. रामचंद्र यांची कितीतरी मोठी कारकीर्द आहे, ‘अलबेला’ आहे, ‘अनारकली’ आहे, पण सैनिकांच्या संदर्भात बोलायचे झाले तर मी ही दोन गाणी एकापाठोपाठ लावून ऐकावीत असेच सांगेन.

‘ऐ मेरे वतन के लोगो’ हे गाणे आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते कुणाला उद्देशून आहे याकडे आपले लक्षच जात नाही. ते सैनिकांना उद्देशून नाही. सैनिकाने ते म्हणायचे नाही, त्याच्या मागे राहिलेल्यांनी ते ऐकायचे आहे. ज्यांची दिवाळी घरात झाली त्यांना ते हाक मारते आणि त्या दिवाळीत डोंगरावर काय चालले होते ते सांगते. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस होती आणि लढाई २० ऑक्टोबरला सुरू झालेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कडव्याला किती वजन आहे ते कळते. लडाखमध्ये रेझांग ला येथे १८ नोव्हेंबर १९६२ रोजी १३ कुमाऊं पलटणीची एक कंपनी मेजर शैतानसिंह यांच्या नेतृत्वाखाली जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. बर्फामुळे त्यांचे देह महिनोन् महिने तिथेच राहिले, आणि पुढच्या वर्षी शोध लागला तेव्हा अनेकांच्या हातांत शस्त्रे तशीच होती. प्रदीप यांना स्फूर्ती नेमकी कुठून आली याच्या अनेक कथा सांगितल्या जातात. मला त्यापेक्षा त्यांनी या गाण्याचे उत्पन्न युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांसाठी द्यावे अशी इच्छा व्यक्त केली होती, ही गोष्ट अधिक मोलाची वाटते.

याच कवीने वीस वर्षांपूर्वी, १९४३ च्या ‘किस्मत’साठी, ‘दूर हटो ऐ दुनियावालो’ लिहिले होते. अनिल बिस्वास यांचे संगीत, चालीत ललकारी, आणि शब्दांत जर्मनी-जपानचे नाव, त्यामुळे इंग्रजांच्या सेन्सॉरला ते युद्धकाळातले आपल्याच बाजूचे गाणे वाटले. प्रेक्षकांना अर्थ बरोबर कळला. गाणे पुन्हा दाखवा म्हणून चित्रपटगृहांत रिळे मागे फिरवावी लागत, आणि अटक टाळण्यासाठी प्रदीप यांना काही काळ भूमिगत व्हावे लागले. म्हणजे ललकारी त्यांना येत नव्हती असे नाही. उत्तम येत होती. १९६३ मध्ये मात्र त्यांनी जाणूनबुजून आवाज खाली आणला, आणि पराभवाच्या त्या हिवाळ्यात देशाला तेच हवे होते.

२९ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या समारोपाच्या संचलनात, ‘अबाइड विथ मी’ या प्रार्थनागीताच्या जागी सैन्याच्या वाद्यवृंदाने ‘ऐ मेरे वतन के लोगो’ वाजवले. ‘अबाइड विथ मी’ हे गांधीजींच्या आवडीचे होते आणि ते वगळायला नको होते, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. दोन्ही सूर एका संध्याकाळी सहज मावले असते. त्यानंतर आठच दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, लताबाई गेल्या. प्रदीप यांचा जन्मही ६ फेब्रुवारीचा, सन १९१५. त्या दिवशी इंदूरमध्ये कितीतरी घरांत टीव्हीवर शिवाजी पार्कवरचा शासकीय इतमाम दिसत होता आणि तिरंग्यात गुंडाळलेले पार्थिव सैन्याच्या जवानांनी खांद्यावर घेतलेले होते. सुभेदारसाहेब टीव्हीसमोर घरातल्या घरात सावधान उभे राहिले, असे त्यांच्या घरच्या काकूंनी आम्हाला नंतर सांगितले. त्यांनी स्वतः ते कधी सांगितले नाही.

आता ‘हकीकत’विषयी. चेतन आनंद यांचा हा १९६४ चा चित्रपट आमच्या बैठकीत सगळ्यांच्या यादीत होता, पण प्रत्येकाच्या यादीत वेगळ्या कारणाने. आमच्यातल्या बहुतेकांना आधी ‘कर चले हम फ़िदा’ आठवते, आणि ते साहजिक आहे. कैफी आझमी यांचे शब्द, रफींचा आवाज, आणि ते येते अगदी शेवटी, जेव्हा वाचण्यासारखे कुणी उरलेले नसते. सुभेदारसाहेबांनी मात्र ‘होके मजबूर मुझे’ सांगितले. रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि भूपिंदर अशा चार आवाजांतले हे गाणे, ज्यात बर्फातून मागे हटणारे थकलेले जवान आळीपाळीने एकेक कडवे म्हणतात आणि प्रत्येक जण आपापल्या घरी या क्षणी काय चालले असेल याची कल्पना करतो. ती रडली असेल, तिने बंद खोलीत त्याची पत्रे जाळली असतील, मेजावरून त्याची तसबीर हलवली असेल. यात शत्रूचे नाव नाही, देशाचेही नाव नाही. भूपिंदर तर पडद्यावरही दिसतात, कोवळे, टोपीखालून बघणारे. चारही आवाज मुद्दाम वेगवेगळ्या जातीचे निवडलेले आहेत. तलतच्या आवाजातला कंप आणि मन्ना डे यांच्या आवाजातली भक्कम बैठक एकाच गाण्यात लागोपाठ येते, तेव्हा एक पलटण म्हणजे किती निरनिराळी घरे, हे न सांगता कळते. संगीतकार मदन मोहन यांनी १९४३ मध्ये सैन्यात कमिशन घेतले होते आणि महायुद्ध संपेपर्यंत ते गणवेशात होते. या गाण्यातली जाण त्यांना तिथून मिळाली असावी, असा माझा अंदाज आहे.

सुभेदारसाहेबांचे कारण आणखी साधे होते. ते म्हणाले, “आमचा पत्ता घरच्यांना माहीत नसायचा. नाव, नंबर, युनिट आणि खाली ‘द्वारा ५६ ए.पी.ओ.’ एवढेच. आई विचारायची, हे छपन्न एपीओ गाव कुठे आलं?” फील्डमध्ये असलेल्या जवानाचे ठिकाण गुप्त राहावे म्हणून सगळी पत्रे सैन्याच्या टपाल कार्यालयाच्या, म्हणजे ए.पी.ओ.च्या, एका क्रमांकावर जातात, ५६ किंवा ९९, आणि तिथून पुढे पलटणीकडे. त्यामुळे आईला माहीत नसते की मुलगा राजस्थानच्या वाळूत आहे की लडाखच्या बर्फात, आणि मुलाला माहीत नसते की जे पत्र तो आज वाचतो आहे ते लिहिल्यानंतर घरी काय काय होऊन गेले. या दोन अज्ञानांच्या मधल्या जागेत ते गाणे उभे आहे. त्यांनी हे सांगितल्यावर मी ते गाणे पुन्हा ऐकले, आणि त्यातल्या ‘असेल’, ‘केले असेल’ अशा सगळ्या क्रियापदांकडे माझे प्रथमच लक्ष गेले. कल्पना करण्यावाचून त्या माणसांपाशी दुसरे काही नव्हते.

घराचा हा धागा त्या काळात किती ठिकाणी सापडतो पाहा. ‘हम दोनों’ (१९६१) मध्ये देव आनंद यांच्या दुहेरी भूमिका आहेत, एक कॅप्टन आणि एक मेजर, पण चित्रपटातली लढाई थोडक्यात आटोपते. सगळा भार मागे राहिलेल्या स्त्रियांवर आहे, आणि त्या भूमिकांत नंदा, ललिता पवार, लीला चिटणीस अशी आपलीच माणसे आहेत. जयदेव यांनी ‘अल्ला तेरो नाम’ हे भजन लताबाईंकडून गाऊन घेतले ते युद्धावर गेलेल्यांच्या घरी चाललेल्या प्रार्थनेसाठी. आणि तो सिगारेट लायटर! प्रेयसीने दिलेला, उघडला की धून वाजवणारा. लहानशा धातूच्या पेटीतून येणारे ते चार-सहा किणकिणते स्वर आघाडीवरच्या तंबूत वाजतात आणि त्याच स्वरांतून ‘अभी ना जाओ छोड़कर’ची संध्याकाळ परत उभी राहते. खिशात मावणारे घर म्हणून मला तो लायटर आठवतो. ‘उसने कहा था’ (१९६०) हा बिमल रॉय यांची निर्मिती असलेला चित्रपट. हैदराबादचे मखदूम मोहिउद्दीन यांची कविता त्यात सलिल चौधरींनी स्वरबद्ध केली आहे, ‘जानेवाले सिपाही से पूछो’. कूच करणाऱ्या शिपायाला कुणीतरी वाटेत थांबवून विचारावे की बाबा रे, तू कुठे चालला आहेस, आणि तुझ्यामागे कोण राहिले आहे. मन्ना डे यांनी ते जसे गायले आहे तसे आज कुणी गाईल असे मला वाटत नाही.

आमच्यातले एक निवृत्त अभियंता काका परदेशी सिनेमाचे भोक्ते आहेत. त्यांच्या आग्रहावरून आम्ही एका रविवारी ‘बॅलड ऑफ अ सोल्जर’ हा ग्रिगोरी चुखराय यांचा १९५९ चा रशियन चित्रपट सगळ्यांनी मिळून पाहिला. अल्योशा नावाचा कोवळा सिग्नलमन, भीतीच्या भरात का होईना, शत्रूचे दोन रणगाडे निकामी करतो. जनरल पदक द्यायला निघतो, तेव्हा हा पोरगा म्हणतो की पदक नको, आईला भेटायला सुट्टी द्या, घराचे छप्पर गळते आहे. सहा दिवस मिळतात, दोन जायला, दोन यायला, दोन छपरासाठी. वाटेत एक अनोळखी शिपाई त्याच्या हातात साबणाच्या दोन वड्या देतो, माझ्या बायकोला पोहोचव म्हणून. अल्योशा त्या घरी जातो, तेव्हा तिथे दुसराच माणूस राहतो आहे असे दिसते. तो साबण परत घेतो आणि त्या शिपायाच्या म्हाताऱ्या वडिलांना नेऊन देतो. सगळे दिवस अशा कामांत संपतात आणि आईला तो भेटतो तो रस्त्यावर, उभ्याउभ्या, काही मिनिटे. छप्पर राहूनच जाते. चित्रपट संपल्यावर मावशींनी विचारलेला पहिला प्रश्न असा होता, “मग त्या बाईचं छप्पर कुणी दुरुस्त केलं?” मला वाटते, चुखराय यांना हा प्रश्न फार आवडला असता.

त्याच काकांनी ‘लिली मार्लेन’ या जर्मन गाण्याची गोष्ट सांगितली. हान्स लाइप यांनी पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, लिहिलेली कविता. तिला १९३८ मध्ये चाल लागली आणि लाले अँडरसन यांनी ती गायली. १९४१ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या बेलग्रेड रेडिओने ती रात्री लावायला सुरुवात केली आणि आफ्रिकेच्या वाळवंटात समोरासमोर असलेले दोन्हीकडचे सैनिक ती ऐकू लागले. विषय एवढाच, की बराकीच्या फाटकाजवळच्या दिव्याखाली ती वाट पाहायची. शत्रूचे गाणे म्हणून ते सोडून द्यावे असे इंग्रज शिपायाला वाटले नाही.

कूचगीते निराळी. त्यांचे काम पाय जुळवण्याचे आहे आणि त्यांचा मान त्यांना द्यायलाच हवा. ‘तेज चल’ म्हणजे मिनिटाला १२० पावले, ‘धीरे चल’ म्हणजे ७०. सुभेदारसाहेबांनी टेबलावर दोन बोटांनी दोन्ही चाली करून दाखवल्या आणि घड्याळ लावून पाहिले, तर इतक्या वर्षांनीही एक पाऊल इकडचे तिकडे झाले नाही. ‘कदम कदम बढ़ाए जा’ आझाद हिंद सेनेसाठी कॅप्टन राम सिंह ठाकुरी यांनी बांधले, शब्द वंशीधर शुक्ल यांचे. इंग्रजांनी त्याच्यावर बंदी घातली, आणि आज तेच भारतीय सैन्याच्या संचलनात वाजते. १९५० च्या ‘समाधी’मध्ये ते पडद्यावर आले आणि तिथेही संगीतकार सी. रामचंद्रच होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे ‘मर्द आम्ही मराठे खरे’ सुभेदारसाहेबांनी आम्हाला उभे राहून म्हणून दाखवले. बसून म्हणायचे ते गाणे नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. चीनच्या युद्धानंतर मराठीत ‘छोटा जवान’ (१९६३) आला, त्यातले गदिमांचे ‘जिंकू किंवा मरू’ वसंत देसाईंच्या चालीवर आमच्या शाळेच्या प्रांगणात कितीतरी वर्षे घुमत असे. आणि कुसुमाग्रजांची ‘अनामवीरा’ ही कविता, जिच्यात ज्याचा स्तंभ कुणी उभारला नाही त्याला नमस्कार आहे. मराठी भाषेत सैनिकाविषयी याहून मोठे काही लिहिले गेले आहे असे मला वाटत नाही.

एका गाण्याच्या नशिबाची मला खंत वाटते. ‘ये देश है वीर जवानों का’ हे ‘नया दौर’ (१९५७) मधले साहिर आणि ओ. पी. नय्यर यांचे गाणे. त्या चित्रपटाचे चित्रीकरण आमच्याच प्रदेशातल्या बुधनीच्या परिसरात झाले होते. आज ते वरातीचे गाणे झाले आहे. इंदूरमध्ये लग्नसराईत संध्याकाळी रस्त्यावर उभे राहावे, तर घोड्यापुढचा बँड ते हमखास वाजवतो. बँडवाल्यांचा कॉर्नेट, युफोनियम, साइड ड्रम हा सगळा सरंजाम मुळात लष्करी बँडमधूनच आलेला आहे, त्यामुळे वाद्यांना ते परके नाही. मात्र त्या चालीवर नाचणाऱ्या तरुणांपैकी फारच थोड्यांनी ते साहिरच्या शब्दांसह पूर्ण ऐकलेले असते.

याहून मोठी खंत आहे ती ‘देशभक्तीपर गीतांच्या’ कार्यक्रमांची. ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत असे कार्यक्रम गावोगाव होतात. इंदूरमधल्या अशाच एका कार्यक्रमाला आम्ही सगळे मिळून गेलो होतो. ‘होके मजबूर’चा मुखडा आणि एक कडवे, लगेच दुसऱ्या गाण्याचा मुखडा, त्यावर टाळ्यांचा ठेका, मागे पडद्यावर विमाने, आणि प्रत्येक गाण्याआधी निवेदकाचे लांबलचक भाषण. ज्या गाण्यात चार माणसे आळीपाळीने बोलतात त्याचे एकच कडवे म्हटले तर उरलेल्या तिघांना घरच उरत नाही. ‘ऐ मेरे वतन’ची लय वाढवली होती, त्यामुळे मधला जो थांबा लताबाईंच्या गायनात आहे तो नाहीसा झाला. गायक गुणी होते, त्यांचा दोष नव्हता. दोष या समजुतीचा आहे की सैनिकाचे गाणे म्हणजे आवाज चढलाच पाहिजे. सुभेदारसाहेब संपूर्ण कार्यक्रमभर शांत बसून होते. परतताना एवढेच म्हणाले की पोरांनी मेहनत चांगली घेतली होती.

त्यानंतर आम्ही एके दिवशी महूच्या वाटेवर पिगडंबरला लता दीनानाथ मंगेशकर यांच्या नावाचे ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे तिथे गेलो. भिंतीभर रेकॉर्डच रेकॉर्ड आहेत. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत, आणि लांब गाणे असेल तर तबकडी उलटावी लागे. सुई उचलायची, तबकडी फिरवायची, पुन्हा सुई टेकवायची, आणि तेवढ्या वेळात कुणी बोलायचे नाही. गाणे पूर्ण ऐकण्याची सवय त्या काळच्या लोकांना होती, त्यात या शिस्तीचाही वाटा असावा.

येत्या गणेशोत्सवात आमच्या वस्तीच्या मंडळात एक संध्याकाळ आम्हाला मिळाली आहे. मंडळाच्या कार्यकर्त्यांशी बोलून ठरवले आहे की गाणी मोजकी घ्यायची, पण प्रत्येक गाणे सगळ्या कडव्यांसह, मूळ लयीत म्हणायचे, आणि निवेदनाऐवजी प्रत्येक गाण्याआधी ज्याची त्याच्याशी आठवण जोडलेली आहे त्याने दोन मिनिटे बोलायचे. ‘होके मजबूर’साठी चार गायक मिळाले आहेत, त्यांपैकी एक महूच्या छावणीतला, अजून नोकरीत असलेला नाईक आहे आणि त्याची सुट्टी मंजूर झाली तरच तो येईल. मावशींचा भाऊ आता ऐंशीच्या पुढे आहे, ते पुण्याहून येणार आहेत, आणि ‘रंगून’च्या आधीची दोन मिनिटे त्यांची आहेत. सुभेदारसाहेबांनी काय म्हणायचे ते अजून सांगितलेले नाही. त्यांनी फक्त एक सूचना केली आहे, की मंडपात पुढच्या खुर्च्या कमी ठेवा आणि सतरंज्या जास्त अंथरा.